विज्ञानमंदिराच्या दारी : डॉ. कमलाबाई सोहोनी

आपल्या बऱ्हाणपुराहून उत्तरेस निघावे, असीरगडाची खिंड मागे टाकावी, खंडव्याचे निमाड पार करून नर्मदा ओलांडावी आणि विंध्याचा घाट चढावा, म्हणजे इंदूर लागते. होळकरांच्या ह्या राजधानीत मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेली आहेत. तेथेच भागवतांच्या घरी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दोन कन्यांचा जन्म झाला. थोरली दुर्गा १९१० साली जन्मली व धाकटी कमला १८ जून १९११ रोजी. थोरल्या दुर्गाबाई भागवत मराठी वाचकांस सुपरिचित आहेत. ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या आणि १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या त्याच ह्या. धाकट्या बहिणीचे नाव मात्र पुष्कळांच्या कानांवर केवळ ओझरते येते. वस्तुतः रसायनशास्त्राच्या उच्च अभ्यासासाठी आपल्याकडील मुलींना जी वाट आज मोकळी दिसते, तिच्यावरील पहिले काटे ज्या थोड्या जणींनी स्वतःच्या पायांनी तुडविले, त्यांत कमलाबाईंचे स्थान फार वरचे आहे. त्यांच्या चरित्राचा गाभा एका प्रवेशअर्जात आहे असे म्हटले तरी चालेल. म्हणून त्या अर्जाचीच हकीकत येथे जरा विस्ताराने सांगावयाची आहे.

कमलाबाईंचे वडील नारायणराव भागवत हे रसायनशास्त्रज्ञ, आणि काका माधवरावही रसायनशास्त्रज्ञच. दोघांचेही शिक्षण बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये झालेले. ह्या संस्थेविषयी चार शब्द सांगितल्याशिवाय पुढील गोष्ट नीट उमगणार नाही. हिंदुस्थानातच उच्च विज्ञानाचे संशोधन व्हावे, त्यासाठी येथील तरुणास विलायतेचे तोंड पाहावे लागू नये, ह्या हेतूने जमशेटजी टाटांनी आपल्या संपत्तीचा मोठा वाटा काढून ठेवला होता. १९०४ साली ते वारले. त्यांच्या मृत्यूनंतर, १९०९ साली, म्हैसूर संस्थानाने दिलेल्या जागेवर संस्था उभी राहिली आणि १९११ मध्ये विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आत आली. कमलाबाईंचा जन्म त्याच वर्षीचा. संस्थेचे पहिले संचालक मॉरिस ट्रॅव्हर्स हे स्वतः नामांकित रसायनशास्त्रज्ञ होते. निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन हे वायू विल्यम रॅम्झे यांच्या समवेत त्यांनी शोधून काढले होते. आरंभापासूनच त्या संस्थेत रसायनशास्त्राचा मान मोठा होता, आणि भागवतांच्या घरात तर त्या संस्थेचे नाव कुलदैवतासारखे घेतले जात असले पाहिजे.

अशा घरात वाढलेल्या मुलीस रसायनशास्त्राचे वेड लागले तर त्यात नवल नाही. मुंबई विद्यापीठातून १९३३ साली कमलाबाई बी. एस्सी. झाल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र, दुय्यम विषय पदार्थविज्ञान, आणि गुणवत्तायादीत नाव सर्वांच्या वर. त्या काळी मुलीने मॅट्रिक होणे हीच अनेक घरांत परमावधी समजली जात असे. ज्या थोड्या मुली महाविद्यालयात जात, त्यांचा ओढा बहुधा साहित्याकडे असे. प्रयोगशाळेत आम्लाने बोटे भाजून घेणारी, तराजूच्या काट्याकडे श्वास रोखून पाहणारी मुलगी विरळाच. त्यातूनही परीक्षेत गुण मिळविणे ही एक गोष्ट, आणि त्या गुणांचे पुढे काय करावयाचे हे जाणणे ही दुसरी. कित्येक हुशार मुलींची पहिली तयारी पुरी असे, परंतु कोठे अर्ज करावा, कोणत्या गुरूकडे जावे, संशोधन म्हणजे नेमके काय, हे सांगणारे माणूस घरात नसे. कमलाबाईंना ते माणूस घरातच लाभले होते, तेही एक सोडून दोन. हे त्यांचे भाग्य खरेच, आणि चरित्रकाराने ते लपवू नये.

बी. एस्सी. होताच त्यांनी वडिलांच्याच संस्थेकडे संशोधनासाठी अर्ज केला. गुण सर्वोच्च, विषय योग्य, घराण्याची परंपरा त्याच संस्थेची. अर्जात उणे असे काहीच नव्हते. तरीही तो फेटाळला गेला.

त्या वर्षीच संस्थेची सूत्रे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या हाती आली होती. १९३० साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळविणारे रामन म्हणजे अवघ्या देशाचा अभिमान. संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक. त्यांनी अर्ज नाकारला तो गुणांवरून नव्हे. अर्जदार स्त्री आहे, आणि स्त्रियांच्या हातून संशोधन होणार नाही, एवढेच कारण होते. नारायणरावांनी व माधवरावांनी रदबदली करून पाहिली. दोघेही संस्थेचे माजी विद्यार्थी, तरीही त्यांच्या शब्दाचा उपयोग झाला नाही.

येथे थोडे थांबणे आवश्यक वाटते. रामन यांची थोरवी आपण शाळेत शिकतो आणि ती खरीच आहे. प्रकाशाचे विकिरण होताना त्याच्या वर्णात होणारा सूक्ष्म बदल त्यांनी साध्या उपकरणांनी जगास दाखविला, आणि त्याची आठवण म्हणून २८ फेब्रुवारी हा दिवस आपण विज्ञानदिन म्हणून पाळतो. परंतु प्रकाशकिरणाविषयी इतके निर्मळ पाहणारी दृष्टी समोर उभ्या असलेल्या अर्जदाराविषयी गढूळ असू शकते, ही गोष्टही तितकीच खरी आहे. काही लेखक ह्या प्रसंगास काळाचा दोष म्हणून सोडून देतात. ते समाधान मला पुरेसे वाटत नाही. कारण त्याच काळात, केंब्रिजमध्ये, दुसऱ्या एका नोबेल पारितोषिकविजेत्याच्या प्रयोगशाळेत स्त्रिया मोठ्या संख्येने संशोधन करीत होत्या. त्या प्रयोगशाळेची गोष्ट पुढे येणारच आहे.

अर्ज फेटाळला गेल्यावर बहुतेक जणींनी दुसरी वाट धरली असती. अध्यापिका होणे, लग्न करणे, झालेच तर मुंबईतच एखाद्या साध्या अभ्यासक्रमास बसणे, ह्या वाटा उघड्या होत्या आणि त्यांत कमीपणाही नव्हता. परंतु मिठाच्या सत्याग्रहाला तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. १९३० साली दांडीच्या किनाऱ्यावर जे घडले ते त्या पिढीच्या तरुणतरुणींच्या अंगात भिनलेले होते. अन्यायी कायद्यापुढे मान तुकवावयाची नाही, पण हातही उगारावयाचा नाही, समोर जाऊन शांतपणे बसावयाचे, ही रीत त्यांना ठाऊक झाली होती. कमलाबाई बंगलोरास गेल्या. संचालकांच्या कार्यालयापुढे त्यांनी सत्याग्रह आरंभिला. प्रवेश का नाकारता ह्याचे पटेल असे कारण सांगा, नाहीतर प्रवेश द्या, असा त्यांच्या आग्रहाचा मथितार्थ होता.

अखेर रामन नरमले, परंतु पूर्णपणे नव्हे. त्यांनी अटी घातल्या. पहिले वर्षभर कमलाबाईंना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते, तो काळ केवळ परीक्षेचा. त्यांच्या कामाचा दर्जा पाहून संचालकांचे समाधान होईपर्यंत त्या कामास अधिकृत मान्यता मिळणार नव्हती. आणि त्यांच्या वावरण्याने तेथील पुरुष संशोधकांच्या कामात व्यत्यय येता कामा नये, अशीही एक अट होती. ह्या शेवटच्या अटीचा डंख केवढा असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. विद्यापीठात पहिल्या आलेल्या विद्यार्थिनीस विद्यार्थिनी न समजता एक उपद्रव समजण्यात आले होते.

कमलाबाईंनी ह्या अटी मान्य केल्या. त्यांनी मान्य करावयास नको होत्या असे म्हणणारे आज भेटतील, आणि त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, कारण अपमानास्पद अट मान्य केली की अपमान करणाऱ्यास अर्धा विजय मिळतो. परंतु त्यांच्यापुढील प्रश्न निराळा होता. बाहेर राहून अन्यायाचा निषेध करावा की आत जाऊन अन्यायाचा आधारच काढून घ्यावा? स्त्रियांना संशोधन जमत नाही ह्या विधानाचे खंडन वादाने होणारे नव्हते. ते करावयाचे तर परीक्षानळी हाती असणे आवश्यक होते. त्यांनी आत जाणे पसंत केले. अपमान मात्र त्या विसरल्या नाहीत. पुढे कित्येक वर्षांनी स्त्री शास्त्रज्ञांच्या एका मेळाव्यात बोलताना, रामन थोर शास्त्रज्ञ खरे पण मनाने संकुचित होते, असे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. वार्धक्यातही त्यांनी ह्या बोलण्यास गोड मुलामा दिला नाही, हे मला फार आवडते.

संस्थेत त्यांना गुरू लाभले ते श्रीनिवासय्या. शिस्तीचे कडक, कामात काटेकोर, आणि शिष्यावर श्रम घेण्यात कसूर न करणारे. जीवरसायन हे शास्त्र तेव्हा वयाने लहान होते. त्या शास्त्राच्या आद्य संशोधकांचे मूळ निबंध त्यांनी कमलाबाईंना वाचावयास लावले. पाठ्यपुस्तकातील सिद्धांत आणि तो सिद्धांत जेथे प्रथम मांडला गेला तो निबंध, ह्यांत मोठा फरक असतो. पाठ्यपुस्तकात उत्तर असते, मूळ निबंधात प्रश्न कसा पडला आणि तो सोडविताना हात कोठे चुकला तेही दिसते. संशोधनाच्या तयारीत ह्या वाचनाइतके उपयोगी दुसरे काही नाही.

त्यांनी हाती घेतलेला विषय आपल्या स्वयंपाकघरातला होता : दूध आणि डाळी. गरीब शाकाहारी माणसास प्रथिने मिळतात ती मुख्यतः तूर, मूग, उडीद, हरभरा यांच्यापासून. पण कोणत्या डाळीत खरोखर किती प्रथिन आहे हे मोजावयाचे कसे? योहान केल्डाल ह्या डॅनिश रसायनज्ञाने १८८३ साली एक रीत दाखवून दिली होती. पदार्थ संहत गंधकाम्लात उकळावयाचा, त्यातील सर्व नायट्रोजन अमोनियाच्या रूपात मोकळा करून मोजावयाचा, आणि त्या आकड्यास ६.२५ ने गुणावयाचे. प्रथिनात नायट्रोजन सुमारे १६ टक्के असतो, त्यावरून हा गुणक आलेला. रीत सोपी आहे, पण तीत एक गोम आहे. डाळीतील सगळाच नायट्रोजन प्रथिनांत नसतो. काही सुट्या अमिनो आम्लांत असतो, काही इतर संयुगांत असतो. तो वेगळा काढला नाही तर डाळ कागदावर आहे त्याहून पौष्टिक दिसते. ह्या प्रथिनेतर नायट्रोजनाचा छडा कमलाबाईंनी लावला, आणि श्रीनिवासय्यांच्या समवेत लिहिलेला त्यांचा निबंध १९३५ साली इंग्लंडातील ‘बायोकेमिकल जर्नल’ ह्या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या मुलीचे काम वर्षभर अधिकृत मानावयाचे नाही असे ठरले होते, तिचे काम दोन वर्षांच्या आत जगातील तज्ज्ञांच्या हाती पडले.

१९३६ साली ह्याच संशोधनावर मुंबई विद्यापीठाने त्यांना एम. एस्सी. ही पदवी विशेष गुणवत्तेसह दिली. काम बंगलोरात आणि पदवी मुंबईची, ह्याचे वाचकांस आश्चर्य वाटेल. त्याचे कारण असे की बंगलोरच्या संस्थेस त्या वेळी स्वतःची विद्यापीठीय पदवी देण्याचा अधिकार नव्हता. तो दर्जा तिला १९५८ साली मिळाला.

रामन यांचेही मत ह्या कामामुळे पालटले आणि इतर मुलींचा मार्ग मोकळा झाला. १९४० साली त्याच संस्थेत, त्यांच्याच हाताखाली, ॲना मणी संशोधनास लागल्या. पुढे भारताच्या हवामानखात्याची अनेक उपकरणे त्यांनी देशातच घडवून घेतली. पण ॲना मणींची कथाही सरळ नाही. त्यांनी निबंध लिहिले, प्रबंध तयार केला, आणि एम. एस्सी.ची पदवी नाही एवढ्या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली. एक दार उघडले की त्याच्या आत दुसरे असते.

आज ह्या मार्गाची रूपरेषा पुष्कळ स्पष्ट झाली आहे. बी. एस्सी. नंतर आय. आय. टी. व बंगळुरूची ती संस्था येथील प्रवेशासाठी ‘जॅम’ नावाची परीक्षा असते. संशोधनासाठी ‘नेट’ आणि ‘गेट’ असतात. मग मुलाखत होते, आणि मुलाखतीत पाठांतरापेक्षा मूलतत्त्वांची जाण व हाताने केलेल्या कामाचा तपशील विचारला जातो. परदेशी जावयाचे असेल तर ज्या अध्यापकांनी आपले काम प्रत्यक्ष पाहिले आहे त्यांची शिफारसपत्रे लागतात, आणि आपण हाच विषय का निवडला ह्याचे निवेदन स्वतः लिहावे लागते. अर्जदार मुलगी आहे की मुलगा, ह्यावरून आज कोणी अर्ज परत पाठवू शकत नाही. बाकी तयारी मात्र तीच राहिली आहे : मूलतत्त्वे पक्की, हात स्वच्छ, आणि ज्यांच्याकडे जावयाचे त्या गुरूचे काम आधी वाचलेले.

कमलाबाईंचा दुसरा मोठा अर्ज केंब्रिजचा. मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीच्या आधारे १९३७ साली त्या इंग्लंडला गेल्या. तेथील न्यूनहॅम कॉलेज हे स्त्रियांसाठी १८७१ साली स्थापन झालेले, आणि जीवरसायनाचे प्राध्यापक होते सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स. अन्नात पिष्ट, स्निग्ध, प्रथिने व क्षार यांखेरीज आणखी काही सूक्ष्म घटक असतात व त्यांच्यावाचून वाढ खुंटते, हे दाखवून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. आज त्या घटकांस आपण जीवनसत्त्वे म्हणतो. त्यासाठी १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मघाशी ज्या प्रयोगशाळेचा उल्लेख केला ती ह्यांचीच. मार्जरी स्टीफन्सन, डोरोथी नीडहॅम अशा विदुषी तेथे काम करीत होत्या. हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेल्या हान्स क्रेब्स ह्यांनाही १९३३ साली प्रथम आसरा तेथेच मिळाला होता.

अडचण तेथेही आलीच, पण निराळ्या जातीची. प्रयोगशाळेतील सर्व जागा भरलेल्या होत्या आणि नवागत मुलीला देण्यासाठी एकही टेबल शिल्लक नव्हते. तेव्हा डेरेक रिक्टर नावाच्या संशोधकाने आपले टेबल दिवसा त्यांच्यासाठी मोकळे करून दिले आणि स्वतः रात्री काम करावयाचे पत्करले. बंगलोरात जागा होती पण ती देण्याची इच्छा नव्हती. केंब्रिजात इच्छा होती म्हणून नसलेली जागा निर्माण झाली. रिक्टर यांच्या समवेत कमलाबाईंनी लिहिलेला निबंध १९३८ साली प्रसिद्ध झाला.

इंग्लंडचे चित्र अगदीच उजळ रंगवावे असेही नाही. त्याच केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने विद्यापीठाचे सदस्यत्व व संपूर्ण पदवी दिली ती १९४८ साली, म्हणजे कमलाबाई तेथून परतल्यावर नऊ वर्षांनी. प्रयोगशाळेचे दार उघडे आणि विद्यापीठाचे अर्धेच उघडे, असा तो प्रकार होता.

पुढे रिक्टर अन्यत्र गेले आणि कमलाबाई रॉबिन हिल ह्यांच्याकडे काम करू लागल्या. वनस्पती प्रकाशाच्या साहाय्याने प्राणवायू कसा मोकळा करतात, ह्याविषयी हिल यांचे गाजलेले प्रयोग ह्याच वर्षांतले. कमलाबाईंच्या वाट्याला वनस्पतीच्या श्वसनाचा प्रश्न आला, आणि प्रयोगासाठी घेतला तो आपला नेहमीचा बटाटा. शेतातून खणून काढलेला बटाटा निर्जीव वाटतो, पण त्याची प्रत्येक पेशी श्वास घेत असते. अन्न जळते, परंतु चुलीतल्या लाकडासारखे भडकून नव्हे, टप्प्याटप्प्याने. विहिरीवरून ओळीने उभी राहिलेली माणसे पाण्याची घागर हातोहात पुढे देतात, तसे अन्नातून सुटणारे इलेक्ट्रॉन एका द्रव्याकडून दुसऱ्याकडे जात जात शेवटी प्राणवायूपाशी पोहोचतात. ह्या ओळीतील एक द्रव्य म्हणजे लोहयुक्त, रंगीत असे सायटोक्रोम. डेव्हिड केलिन यांनी केंब्रिजमध्येच १९२५ साली त्याचे महत्त्व उघड केले होते. वनस्पतींच्या ऊतींतही सायटोक्रोम सी व त्याचे ऑक्सिडीकरण घडविणारे विकर आपले काम करीत असते, हे कमलाबाईंच्या संशोधनाने दाखविले. हिल आणि त्यांचा संयुक्त टिपणवजा निबंध १९३९ साली ‘नेचर’ ह्या साप्ताहिकात छापला गेला. कीटक, यीस्ट, मनुष्य आणि बटाटा, सर्वांच्या श्वासाची यंत्रणा मुळात एकच, हा त्यातला आनंद आहे.

ह्या संशोधनावर त्यांनी पीएच. डी. साठी प्रबंध सादर केला. पृष्ठे अवघी ४०. एरवी प्रबंधांची बाडे शेकडो पानांची असतात. येथे पसारा नव्हता, सांगावयाचे होते तेवढेच सांगितलेले होते. केंब्रिजला आल्यापासून दीड वर्षाच्या आत, १९३९ साली, पदवी हाती आली. विज्ञानात पीएच. डी. मिळविणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख सर्वत्र आढळतो. ह्याबरोबर वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मळ यांचेही नाव घ्यावे हे बरे. १९३१ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली होती. पहिलेपणाच्या वादात पडण्याचे कारण नाही, दोघींच्या वेळी वाट सारखीच ओसाड होती.

बहिणीची आठवण येथे पुन्हा होते. दुर्गाबाईंनीही डॉक्टरेटसाठी संशोधन आरंभिले होते. मध्य प्रांतातील आदिवासींमध्ये त्या हिंडल्या, तेथे अन्नातून विषबाधा होऊन कित्येक वर्षे अंथरुणास खिळल्या, आणि ती पदवी राहून गेली. मराठी भाषेस त्यातून एक थोर लेखिका मिळाली. एकाच घरातील दोघी बहिणींच्या आयुष्यात ज्ञानाची वाट अशी दोन अंगांनी गेली.

१९३९ सालीच कमलाबाई स्वदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात जीवरसायनाचा नवा विभाग सुरू झाला होता, त्याच्या त्या प्रमुख झाल्या. तेथून निलगिरीतील कुन्नूर येथे आहारविषयक संशोधन करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत त्या सहायक संचालक म्हणून गेल्या व जीवनसत्त्वांवर त्यांनी काम केले. १९४७ साली माधवराव सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या. माधवराव विमागणिती होते. मुंबईत इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ह्या संस्थेत जीवरसायनाच्या प्राध्यापिका म्हणून त्यांच्या आयुष्याचे सर्वांत दीर्घ पर्व सुरू झाले. आता त्या अर्ज करणाऱ्यांच्या रांगेत नव्हत्या, अर्ज वाचणाऱ्यांच्या खुर्चीत होत्या. अनेक विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाताखाली संशोधन केले.

विषय पुन्हा तोच, गरिबाच्या ताटातला. वाल आणि डबल बी ह्या शेंगवर्गीय धान्यांत एक असे प्रथिन असते की जे आपल्या पोटातील ट्रिप्सिन ह्या पाचक विकरास अडवून धरते. ट्रिप्सिन अडले की खाल्लेले प्रथिन पचत नाही. हे अडथळा आणणारे द्रव्य स्फटिकरूपात वेगळे काढल्याचे वृत्त त्यांनी एका सहकाऱ्यासह १९५५ साली ‘नेचर’ मध्ये दिले. कडधान्य चांगले शिजविले की असल्या द्रव्यांचा जोर बराच मोडतो. वाल भिजवून, मोड आणून, सोलून, मऊ शिजवावयाचे ही आपल्या घरातील जुनी रीत नुसत्या चवीसाठी नव्हती असे आता म्हणता येते. जड पाण्याच्या विहिरीवर डाळ लवकर शिजत नाही हे आपल्याकडील गृहिणी जाणतात. त्याच्या मुळाशीही रसायनशास्त्रच आहे, पाण्यातील चुन्याचे क्षार डाळीच्या कवचास घट्ट करतात.

नीरेवरील त्यांचे काम राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून सुरू झाले. ताडाच्या झाडाचा पहाटे काढलेला, न आंबलेला गोड रस म्हणजे नीरा. तो आंबला की ताडी होते आणि घराचा नाश करते, ताजा असता अन्न होतो. नीरेत अ व क जीवनसत्त्वे आणि लोह असतात, आणि तिचा गूळ केला तरी हे घटक बऱ्याच अंशी टिकून राहतात, असे त्यांना आढळले. आदिवासी समाजातील कुपोषित मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिली असता त्यांच्या प्रकृतीत स्पष्ट सुधारणा दिसली. ह्या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. सातपुड्याच्या कुशीतील आपल्या जिल्ह्यात आदिवासी पाड्यांवरील मुलांच्या कुपोषणाची वार्ता आजही ऐकू येते, त्यामुळे हे संशोधन आपल्यास परके वाटू नये. मुंबईच्या आरे दुग्धयोजनेसही दुधाच्या प्रतीविषयी त्यांनी सल्ला दिला.

इतके सर्व करूनही ज्या संस्थेत त्या प्राध्यापक होत्या, तिच्या संचालकपदावर त्यांची नेमणूक व्हावयास चार वर्षांचा विलंब लागला. ज्येष्ठता होती, कार्य होते, परदेशी कीर्ती होती. विलंबाचे कारण त्या स्त्री आहेत हेच होते असे त्यांच्या परिचितांचे मत होते. बंगलोरच्या त्या कार्यालयापुढे बसलेल्या बावीस वर्षांच्या मुलीने जो प्रश्न विचारला होता, तो पन्नाशीतल्या प्राध्यापिकेसही पुन्हा विचारावा लागला.

सेवानिवृत्तीनंतर अनेकांचे शास्त्र कपाटात जाते. कमलाबाईंचे बाजारात गेले. मुंबईत १९६६ साली नऊ स्त्रियांनी मिळून ग्राहकांच्या हितासाठी ‘कन्झ्यूमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन केली होती. कमलाबाई तिच्या कार्यात मनःपूर्वक शिरल्या, १९८२–८३ साली तिच्या अध्यक्षा झाल्या, आणि तिच्या ‘कीमत’ ह्या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेख लिहीत राहिल्या. केंब्रिजच्या डॉक्टरेटचा उपयोग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाणाऱ्या गृहिणीस व्हावा, ह्यात त्यांना काही विसंगत वाटत नसे.

वयाची ऐंशी वर्षे उलटून गेल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे लक्ष त्यांच्या कार्याकडे गेले. परिषदेच्या पहिल्या स्त्री महासंचालक डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी त्यांचा सत्कार योजिला आणि त्यासाठी कमलाबाईंना दिल्लीस बोलाविले. तेथे सत्काराच्या समारंभातच त्या कोसळल्या, आणि त्यानंतर लवकरच, १९९८ साली, त्यांचे निधन झाले.